कडुनिंबाखालची मॅटाडोर

(वार्षिक स्नेहमेळाव्यात आपल्या वसतिगृहाच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्ते एसटीच्या नागपूर येथील कार्यशाळेतून निवृत्त झाले असून गेली दीड वर्षे ते मिशनच्या आवारात विनामोबदला काम करीत आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला भाषणाची सवय नाही. सदतीस वर्षं एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये गेली, तिथं बोलायचं ते ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे माझा आवाज मोठा झाला तर रागावू नका. बाहेर कडुनिंबाखाली जी पिवळसर गाडी उभी आहे, तिच्याबद्दल बोलायला मला सांगितलं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी येताना तिच्यासोबत फोटो काढले. दोन जणांनी विचारलं, एवढा खर्च कशाला केला? तो प्रश्न बरोबर आहे. हिशेब मी शेवटी देणार आहे, आधी गाडीचं सांगतो.

गाडी १९७६ सालची आहे. मॅटाडोर. आजच्या पोरांना हे नाव म्हणजे कुठलीही टपवाली गाडी वाटते, इतकं ते आपल्या बोलण्यात मुरलं. पण ती एका विशिष्ट गाडीचं नाव होतं. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची ही गाडी, आणि तिचं मूळ घराणं जर्मनीतलं, हॅम्बर्गच्या टेम्पो कारखान्याचं. आपण ज्याला टेम्पो म्हणतो तो शब्दसुद्धा तिथूनच आला. पुढं २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. या गाडीची खासियत अशी की तिची पुढची चाकं ओढतात, मागची नुसती मागे येतात. म्हणून मागं खाली शाफ्ट नाही, आणि गाडीचा फ्लोअर जमिनीच्या जवळ. पेशंटला उचलून चढवायला सोपं. दवाखान्यासाठी ही गाडी घेणाऱ्यांनी हा विचार केला होता की नाही ते माहीत नाही, पण उपयोग झाला.

तोटाही त्याच्यातच. चिखलाची चढण आली आणि मागं माणसं भरलेली असली की वजन मागं जायचं, पुढची चाकं जागच्या जागी फिरायची. मग आमचे ड्रायव्हरकाका गाडी वळवायचे आणि रिव्हर्समध्ये चढण चढायचे. आतली माणसं घाबरायची. नर्सबाई देवाचं नाव घ्यायच्या. काका म्हणायचे, "बैल पुढून ओढतो, ढकलत नाही. पण याला कधी कधी ढकलायला लावावं लागतं."

मी धानोऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. गाडी नवीन आली त्याच वर्षी मी तिच्यात बसून नागपूरला आलो, चौथीत. आम्ही सहा मुलं होतो. गडचिरोली, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असा रस्ता. मला यातलं एकही नाव तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त इंजिनाचं झाकण आठवतं. या गाडीत इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये असतं, त्यावर झाकण. त्या झाकणाला टेकून मी बसलो होतो, ते गरम होतं, आणि मला वाटलं आत कोणीतरी जनावर आहे. आरमोरीच्या पुढं मी त्या झाकणावरच ओकलो. काकांनी गाडी थांबवली, स्वतः पुसलं, आणि मला खिडकीशी बसवलं. रागावले नाहीत. गाडीवाला माणूस म्हणजे काय, याची माझी कल्पना त्या दिवशी तयार झाली.

तीच गाडी पुढं फिरता दवाखाना म्हणून धानोऱ्याच्या भागात राहिली. आठवड्यातून चार दिवस बाजाराच्या गावांना जायची. आत एका बाजूला लाकडी बाक, दुसऱ्या बाजूला औषधांचं कपाट, मध्ये स्ट्रेचर. हिवताप, खरूज, जुलाब, बाळंतपणं. त्याच सुमाराला भामरागडकडे हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या डॉक्टरबाई म्हणायच्या, "त्यांच्याकडं तर पावसाळ्यात नद्या चारी बाजूंनी बंद होतात, आपलं बरं आहे." आपलं बरं होतं म्हणजे आमच्याकडं फक्त नाले होते.

आता जे सांगतो ते मी आजपर्यंत या आवारात कोणाला सांगितलं नव्हतं. विश्वस्तांना दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. ते म्हणाले, सांगायचं असेल तर सांगा.

१९८३ मध्ये दहावी झालो. आयटीआयचा प्रवेश ऑगस्टमध्ये. मधले तीन महिने मला गाडीवर क्लीनर म्हणून पाठवलं. गाडी धुणं, टायरची हवा, रेडिएटरचं पाणी, आणि रोज सकाळी डिझेल फिल्टरचं पाणी काढणं. हे शेवटचं काम काकांनी मला दहा वेळा दाखवलं होतं. आमचं डिझेल गडचिरोलीहून ड्रममध्ये यायचं. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरतं, थोडं हवेतलंही जमतं. पाणी जड, ते खाली बसतं. फिल्टरच्या तळाला एक स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करायचा, आधी पाणी येतं, मग निखळ डिझेल. डिझेल दिसलं की बंद करायचं. दोन मिनिटांचं काम.

जुलैमधला एक दिवस. सकाळी शेजारच्या गावात कबड्डी होती. मी ते दोन मिनिटांचं काम केलं नाही. आदल्या दिवशी केलं होतं, एक दिवसानं काय होतं, असं वाटलं. संध्याकाळी ड्रममधलं डिझेल टाकीत ओतलं तेही मीच.

रात्री नऊच्या सुमाराला निरोप आला. एक बाई दुपारी घरीच बाळंत झाली होती, वार पडली नव्हती, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं आणि गडचिरोलीला न्यायचं ठरवलं. बाक काढून ठेवला, स्ट्रेचर लावलं. तिची बहीण बाळाला घेऊन कपाटाला टेकून बसली. धानोरा सोडून दहा-बारा किलोमीटर झाले असतील, इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं.

ज्यांनी डिझेलची गाडी चालवली आहे त्यांना सांगायला नको. पाणी पंपापर्यंत गेलं, लाइनमध्ये हवा शिरली की ती सगळी काढावी लागते. फिल्टर उघडा, साफ करा, एअर स्क्रू सैल करा, हँड प्रायमर मारत राहा, फेस यायचा थांबला की आवळा, मग नोझलच्या नळ्या एकेक सैल करून स्टार्टर मारा. पाऊस सुरू. मी बॅटरी धरली होती, माझा हात हलत होता, काका म्हणत होते, "नीट धर रे." सत्तर मिनिटं गेली. गाडी सुरू झाली. गडचिरोलीला पोचलो तेव्हा ती बाई गेलेली होती.

रस्त्यात डॉक्टरबाईंनी मला एकदाच विचारलं, "सकाळी फिल्टर काढला होतास ना?" मी हो म्हणालो.

काकांना कळलं असणार. फिल्टरच्या वाटीत किती पाणी होतं ते त्यांनी पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत. डॉक्टरबाईंनी गाडीच्या वहीत लिहिलं, डिझेलमध्ये पाणी, सत्तर मिनिटं. पुढं कधीतरी, मी नोकरीला लागल्यावर, मी आडून आडून त्यांना विचारलं की त्या रात्री वेळेत पोचलो असतो तर? त्या म्हणाल्या, रक्त द्यावं लागलं असतं, ते तिथं मिळालंच असतं असं नाही. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, हे मला ठरवता येत नाही. आता त्याही नाहीत आणि काकाही नाहीत.

तर मी मेकॅनिक झालो. लोक विचारतात, आवड होती का? मी हो म्हणतो.

गाडीनं पुढं वीस वर्षं काम केलं. २००३ च्या आसपास ती नागपूरला आणून धान्याच्या कोठीमागं उभी केली. तोवर जीप आल्या होत्या, रस्ते झाले होते. गाडी उभी केली की तिचं मरण सुरू होतं. चालती गाडी घासते, उभी गाडी सडते, आणि सडणं जास्त वाईट. मी जून २०२४ ला निवृत्त झालो आणि आठवड्यानं इथं आलो तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कडुनिंबाचा पाला टपावर साचून साचून माती झाली होती, त्यात पिंपळ उगवला होता. फ्लोअरला तीन ठिकाणी भोकं, एकातून गवत वर आलेलं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. टायर जमिनीला चिकटले होते. ड्रायव्हरचं दार उघडायला मला अर्धा तास लागला, आणि ते उघडल्यावर बिजागरीसकट हातात आलं.

विश्वस्तांनी भंगारवाल्याशी बोलणं केलं होतं. चाळीस हजार. त्या पैशात मुलींच्या बाजूला दोन संडास दुरुस्त होणार होते. मी त्यांना एक वर्ष मागितलं. बैठकीत एका ताईंनी, त्या आज इथं आहेत, सरळ विचारलं, "दादा, ही तुमची हौस आहे की संस्थेचं काम?" मी उत्तर देऊ शकलो नाही. मी एवढंच म्हणालो की वसतिगृहाचा एक रुपया लागणार नाही, आणि जी मुलं आयटीआयला जाणार आहेत त्यांना रविवारी हातात पाना देईन. त्यांनी वर्ष दिलं. संडासाचे पैसे आमच्या एसटीच्या निवृत्त मंडळींनी आधी जमवून दिले, तेव्हाच गाडीला हात लावला. ही अट मीच घातली होती, नाहीतर झोप लागली नसती.

पहिलं काम इंजिन. ते जाम होतं. जाम इंजिनाला घाई करायची नाही. नोझल काढले, चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं पातळ तेल मिसळून ओतलं, आणि सोडून दिलं. मुलं रोज विचारायची, आज फिरवायचं का? मी म्हणायचो नाही. अठराव्या दिवशी क्रँकच्या पुलीला लांब पाना लावला आणि थोडा दाबला. काही नाही. उलट दिशेनं दाबला. काही नाही. परत तेल. असं पाच रविवार. सहाव्या रविवारी पाना बोटभर सरकला. इतकासाच. कोरचीकडचा एक मुलगा, नववीतला, ओरडला, "हललं!" आणि सगळी पोरं नाचायला लागली. मी त्यांना रागावलो, आणि मग मीही हसलो.

उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंज धरलेला. बोअर करावा लागला, मोठ्या मापाचे पिस्टन टाकले. ते पुण्याहून आले, तेही एका जुन्या दुकानदाराच्या माळ्यावरून. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला दिले. पुढच्या चाकांचे जॉइंट मिळायला चार महिने लागले. पुढची चाकं ओढणारी एवढी जुनी गाडी आता कोणी ठेवत नाही, तर सुटा भाग कोण ठेवणार? शेवटी एका कबाड्याकडं, दुसऱ्या एका मेलेल्या मॅटाडोरच्या अंगावरून काढले. त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "माझ्या बापानं याच गाडीवर भाजी नेली."

पत्र्याचं काम मात्र नागपूरच्या मे महिन्यात आलं. ज्यांना नागपूरचा मे माहीत आहे त्यांना काय सांगू. पत्रा सकाळी नऊ वाजता हाताला चटका देतो. आम्ही पहाटे पाचला सुरू करायचो आणि साडेआठला बंद. सडलेला फ्लोअर कापला, अठरा गेजचा नवीन पत्रा बसवला. सांगाडा तपासला, तो दणकट निघाला. आयटीआयला गेलेली आपली दोन मुलं वेल्डिंग चांगलं करतात, त्यांनी ते केलं. पहिले चार जोड मी तोडून पुन्हा करायला लावले. एक जण रुसून आठवडाभर आला नाही. पण आला. आज तो हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, आणि तिथं त्याचा जोड कोणी तोडत नाही.

रंग खरवडताना एक गोष्ट झाली. वर पांढरा रंग होता. त्याच्या खाली निळा. निळ्याच्या खाली हा पिवळसर, मूळचा. पाण्याच्या कागदानं हळूहळू घासत असताना एका मुलीला अक्षराची वेलांटी दिसली. मुलीही येत होत्या रविवारी, हे सांगायचं राहिलं. तिनं मला हाक मारली. मग आम्ही सगळ्यांनी तिथं जोरात घासणं बंद केलं आणि दोन दिवस नुसत्या ओल्या कपड्यानं आणि बारीक कागदानं काम केलं. खालून हातानं रंगवलेली अक्षरं आली: फीरता दवाखाना. पहिली वेलांटी दीर्घ. त्या मुली म्हणाल्या, चुकलंय, दुरुस्त करू. मी म्हणालो, राहू द्या. ज्या पेंटरनं काढलं त्यानं प्रेमानं काढलं होतं, आणि ज्या पेशंटांसाठी काढलं त्यांना कुठं वाचता येत होतं? तुम्ही बाहेर जाल तेव्हा बघा, तशीच आहे. मराठीच्या सरांनी माफ करावं.

गेल्या ऑक्टोबरात, दसऱ्यानंतरच्या रविवारी, ती सुरू झाली. आधी मी फिल्टर उघडला. नवीन होता, आत काही असायचं कारण नव्हतं. तरी उघडला, स्क्रू सैल केला, डिझेल वाटीत घेतलं, उजेडात बघितलं. मुलं कंटाळली. मग स्टार्टर. पांढरा धूर, मग काळा, मग आवाज बसला. तो आवाज मी बेचाळीस वर्षांनी ओळखला. झाकणाला हात लावला, ते गरम होत होतं.

आता व्यवहाराचं. ही गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही. नोंदणी केव्हाच संपली आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले, त्यात पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात, नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षांसाठी. आपली गाडी यंदाच पन्नाशीला येते. बऱ्याच जणांनी सुचवलं, करून टाका. पण त्या नंबरावर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या कामाला नाही, धंद्याला नाही. मी विश्वस्तांना सांगितलं, नको. वीस हजार रुपये भरून तिला रॅलीत मिरवायची मला हौस नाही. ती दवाखान्याची गाडी आहे.

मग उपयोग काय? दोन उपयोग. एक, शिकवायला. मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा असतो, पण आजच्या गाड्यांमध्ये झाकण उघडलं तर प्लास्टिक दिसतं आणि दोष कॉम्प्युटर सांगतो. या गाडीत सगळं डोळ्याला दिसतं, हाताला लागतं. डिझेल कुठून आलं, कुठं गेलं, हे बोटानं दाखवता येतं. आपल्या मुलांना पुढं ट्रॅक्टर, जनरेटर, बोअरचं इंजिन यांच्याशी काम पडणार आहे. तिथं हेच लागतं.

दुसरा उपयोग डॉक्टरांनी सुचवला. वसतिगृहात नवीन मुलं येतात तेव्हा सिकलसेलची तपासणी होते. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या भागात हा आजार किती आहे. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहक होण्याची, एक निरोगी असण्याची. हे आईबापांना समजावणं अवघड असतं. आम्ही गाडीत आत चार खुर्च्या लावल्या, चित्रं लावली. आईबाप गाडी बघायला म्हणून आत जातात आणि बसतात. खोलीत बोलावलं तर येत नाहीत, गाडीत येतात. १९९१ मध्ये रेल्वेनं दिलेल्या डब्यांमध्ये इम्पॅक्ट इंडियाच्या लोकांनी जीवनरेखा एक्स्प्रेस हा दवाखाना सुरू केला, ती रुळावरून गावोगाव गेली. आपली मॅटाडोर कुठं जाणार नाही, लोक तिच्याकडं येतील. एवढाच फरक, आणि तो मोठा आहे, हे मला कळतं.

हिशेब. एकूण खर्च २ लाख ४१ हजार. इंजिनावर ८६, पत्रा आणि रंगावर ६२, टायर, ब्रेक, वायरिंगवर ५५, बाकी किरकोळ ३८ हजार. यातले ८० हजार माझ्या ग्रॅच्युइटीतले, उरलेले एसटीतल्या सहकाऱ्यांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे. वही कार्यालयात आहे, कोणीही बघावी. आमच्या घरून मात्र एक ऐकावं लागलं, "घराला दहा वर्षं रंग नाही आणि गाडीला तीन हात." त्याला माझ्याकडं उत्तर नाही. दिवाळीपर्यंत घर रंगवीन म्हटलं होतं, दिवाळी गेली.

शेवटचं सांगून बसतो.

त्या रात्री बहिणीच्या मांडीवर जे बाळ होतं, ती मुलगी जगली. मावशीनं वाढवली. तिचा मुलगा तीन वर्षांपासून आपल्या वसतिगृहात आहे. ती दर जूनमध्ये त्याला सोडायला येते, दिवाळीला न्यायला येते. मला ती कोण हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती आली की मी कोठीकडं काम काढायचो. यंदा दिवाळीच्या सुटीला ती आली तेव्हा गाडी रंगून उभी होती, आणि तिचा मुलगाच तिला हात धरून दाखवायला घेऊन आला. पळायला जागा नव्हती.

मी मुलाला चहा आणायला पाठवलं आणि तिला सगळं सांगितलं. कबड्डी, फिल्टर, सत्तर मिनिटं. आणि मी हो म्हणालो होतो ते. मराठीत सुरुवात केली, मध्येच गोंडीत गेलो, परत मराठीत आलो. ती ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही. कोंबड्या अजूनही तिथंच फिरतात, त्यांच्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "माझी माय कुठं होती?"

मी तिला आत नेलं आणि दाखवलं. कपाटाच्या समोर, उजव्या हाताला, डोकं पुढच्या बाजूला. ती खाली फ्लोअरवर बसली. हातानं पत्रा चाचपला आणि म्हणाली, "हे तेच आहे का?"

मी म्हणालो, "पत्रा नवीन आहे बाई. खालचा सांगाडा तोच आहे."

तोवर पोरगा चहा घेऊन आला. आम्ही तिघं तिथंच बसून प्यायलो.